घरमालक विकणे आहे

"दोन टक्के? कशाचे?" तपासनीस कडाडले. "दार उघडायचं आणि 'या, बसा' म्हणायचं, याचे? ते मला फुकटात येतं."

समोर बसलेल्या इस्टेट एजंटाने शांतपणे चहा संपवला. "बघा काका, नाही जमलं तर मी आहेच," असं म्हणून तो जिना उतरला. त्या दिवसापासून तपासनीसांनी त्याचं नाव 'दोन टक्के' ठेवलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती आणि तपासनीसांच्या बायकोचे गुडघे आता जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरत. मागच्या गल्लीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं तळमजल्याचं घर विकायला निघालं होतं. पुढे हातभर अंगण, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. बायको ते पाहून आली ती पडदे कुठले लावायचे हे ठरवूनच. पण राहतं घर विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं आणि बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "तुमच्यासाठी थांबते, पण आधी कुणी आलं तर माझा नाइलाज आहे."

तपासनीसांनी लगेच पाटी रंगवायला घेतली. 'घर विकणे आहे' असं लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, मालक स्वतः विकतोय हे कळायला हवं, नाहीतर सगळ्या गावचे एजंट गोळा व्हायचे. 'घर'च्या पुढे थोडी जागा होती, तिथे त्यांनी 'मालक' कोंबलं. संध्याकाळी फाटकावर पाटी झळकली: 'घरमालक विकणे आहे'.

"काका, किती वर्षं वापरलेले?" खालच्या शेजाऱ्याने विचारलं.

"चालू स्थितीत आहेत," बायकोने गॅलरीतूनच उत्तर दिलं, "फक्त आवाज फार करतात."

पाटी बदलायची तर रंग संपला होता. शिवाय पाटी वाचून हसत हसत का होईना, लोक वर येऊ लागले. आणि खरी पंचाईत तिथेच झाली.

तपासनीसांची सगळी नोकरी पंख्यांच्या कारखान्यात गेली होती. तयार झालेला प्रत्येक पंखा फिरवून बघायचा, कान द्यायचा आणि जरा कुठे खरखर आली की लाल चिठ्ठी चिकटवायची. चांगल्या पंख्याला चिठ्ठी नसे. त्यामुळे चांगल्याबद्दल काही बोलायची सवयच त्यांना लागली नव्हती.

"खोली छान मोठी आहे," पहिलं गिऱ्हाईक म्हणालं.

"मोठी आहे, पण भिंत ओल धरते. इथे हात लावा. तिथे नाही, इथे."

दुसऱ्या बाईंना गॅलरी आवडली. "टेकू नका," तपासनीस म्हणाले, "कठडा हलतो." त्या बाई पुन्हा गॅलरीत गेल्या नाहीत. घरातही फार वेळ थांबल्या नाहीत.

"अहो, लोक घर बघायला येतात, पंचनाम्याला नाही!" बायको वैतागली.

"मग काय फसवून विकू?"

"फसवू नका. नुसतं तोंड मिटा."

"म्हणजे फसवणंच की ते!"

बायकोने कपाळाला हात लावला.

मग एका रविवारी एक तरुण जोडपं आलं, सोबत मुलाची आई. चहाला दूध नव्हतं म्हणून बायको पिशवी घेऊन खाली गेली. जाताना तिने नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तपासनीसांनी खरोखर तोंड मिटलं. जोडप्याला घर पसंत पडत चाललं. सून खिडक्या मोजू लागली. पण आई दारातल्या खुर्चीवर बसल्या त्या उठेनात. त्यांना धाप लागली होती, एक हात गुडघ्यावर होता. तपासनीसांना ते बघवेना.

"आईंना रोज हा जिना चढवणार तुम्ही?" ते एकदम म्हणाले. "माझं ऐका. मागच्या गल्लीत तळमजल्याचं एक घर आहे. मी स्वतः तपासलंय. भिंती कोरड्या, नळाला पाणी, अंगण आहे. एक खोट सापडली नाही. आत्ताच जा, बाई घरीच असतील."

जोडपं त्यांचे हात हातात घेऊन आभार मानून गेलं. थोड्या वेळाने बायको दूध घेऊन वर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"गेले?"

"गेले. त्या माउलीला जिन्यातून वाचवलं बघ मी," तपासनीस खुशीत म्हणाले. "चहा टाक."

चार-पाच दिवसांनी जोडपं परत आलं. दार बायकोने उघडलं.

"काका आहेत का? आभार मानायला आलोय. त्यांनी सांगितलेलं बाईंचं घर पक्कं झालं! आई तर म्हणते, देवमाणूस भेटला."

बायकोने त्यांना बसवलं, पाणी दिलं, अभिनंदनही केलं. ते गेल्यावर तिने एजंटाला फोन लावला. दोन टक्के आला आणि सगळी हकिगत ऐकून थक्क झाला.

"काका, एवढी वर्षं मी धंदा करतोय. एका बैठकीत घर विकलेलं नव्हतं पाहिलं. तुम्ही विकलंत. फक्त आपलं नाही."

एरवी तपासनीस उसळले असते. आज ते बायकोकडे बघत राहिले.

"मी काय वाईट केलं गं? त्या बाईंना खरंच धाप लागली होती."

"लागली असेल," बायको म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, याचीच त्यांना भीती वाटली. "परक्या बाईची धाप तुम्हाला बरोबर ऐकू आली. मी दूध घेऊन आले, तर 'चहा टाक' म्हणालात."

पंख्यातली बारीकशी खरखर ज्याला ऐकू येई, तोच कान घेऊन आपण रोज हिच्या शेजारी बसत आलो, याची तपासनीसांना मनापासून लाज वाटली.

"दुसरं घर मिळेल," ते कसंबसं म्हणाले.

"मिळेल हो. पण त्या स्वयंपाकघरात मी राहायलासुद्धा गेले होते मनानं."

शेवटी दोन टक्के घसा खाकरून म्हणाला, "काका, मग मी दाखवू ना घर? फक्त गिऱ्हाईक आलं की तुम्ही..."

"खाली जाऊन बसतो," तपासनीस म्हणाले आणि चपला शोधू लागले. "आज कुणी येणार नसलं तरी जातो. दूध संपलंय."