परकारांचा रुसलेला आकडा

"मॅडम, हा आकडा रुसलाय."

अन्वर परकारांनी हे वाक्य माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मी कंपनीत नवी होते आणि मीटिंगच्या खोलीत निरनिराळ्या देशांची माणसं बसली होती. पडद्यावर एक आलेख होता. सगळे खांब शहाण्या मुलांसारखे एका उंचीचे, आणि मधेच एक खांब छताला टेकलेला. बाकीच्यांनी 'सिस्टम एरर' म्हणून तो काढून टाकायचं ठरवलं होतं. परकार उठले, पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या खांबाकडे इतक्या मायेने पाहू लागले की मला वाटलं, आता हे त्याच्या पाठीवरून हात फिरवणार. मग त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटीच, म्हणून माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्नात जावई रुसून बसला तर त्याला मांडवाबाहेर काढतात काय? जाऊन विचारतात ना, काय पायजे बाबा तुला?"

आमची कंपनी दुबईतल्या बांधकामांना माणसं पुरवते, त्यांना राहायला जागा देते, जेवण देते आणि बसने साइटवर नेते-आणते. मी तिथे एचआरमध्ये. परकार डेटा ॲनालिटिक्सचे प्रमुख. मूळचे दापोलीकडचे. जन्म कोकणात आणि उमेदीची वर्षं सगळी आखातात गेलेली, तरी बोलताना अजून नारळीच्या सावलीत बसल्यासारखे निवांत बोलतात. कंपनीत त्यांच्या हाताखाली हुशार, तरुण पोरं आहेत. ती पोरं दिवसभर स्क्रीनवरून मान वर करत नाहीत आणि परकार दिवसभर खुर्चीत सापडत नाहीत. "आकडा काय ऑफिसात राहतो? तो बाहेर राहतो. इथे फक्त त्याचा फोटो येतो," हे त्यांचं म्हणणं.

तो छताला टेकलेला खांब पाण्याचा होता. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पिण्याचं पाणी बाकीच्या मजल्यांपेक्षा भलतंच संपत होतं. परकार वर्तमानपत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या मशीनशेजारी ठाण मांडून बसले. संध्याकाळी आले ते हसतच. चौथ्या मजल्यावरचं मशीन ऑपरेशन्सच्या साहेबांच्या काचेच्या केबिनसमोर होतं. पाणी प्यायला गेलेला माणूस हमखास साहेबांच्या तावडीत सापडायचा, म्हणून अख्खा चौथा मजला जिना उतरून खाली पाणी प्यायचा. मशीन हलवलं आणि खांब गुमान खाली बसला. मी साताऱ्याची, कौतुक करताना हात आखडता ठेवणारी. पण त्या दिवशी मी या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

रुसण्याचा हा हिशेब ते सगळीकडे लावतात. प्रिंटर रुसतो, लिफ्ट रुसते. ईदला ते आमच्याकडे स्वतःच्या हातची सांदणं घेऊन येतात. तांदळाची, नारळाच्या दुधातली ही वडी जाळीदार फुगायला हवी. परकारांची सांदणं दरवर्षी पाटासारखी सपाट असतात. "यंदा पण रुसलीत," म्हणत ते डबा पुढे करतात आणि आम्ही ती रुसलेली सांदणं चहात बुडवून संपवतो.

आम्ही दोघंही शारजाला अल नहदात राहतो, एकाच गल्लीतल्या समोरासमोरच्या टॉवरमध्ये. म्हणून येणं-जाणं त्यांच्या गाडीने. आणि त्या गाडीचे दोन नियम होते, ज्यांची ऑफिसात यथेच्छ थट्टा चालायची.

पहिला नियम असा की संध्याकाळी निघायच्या बऱ्याच आधी परकार एकटे खाली जायचे, गाडी सुरू करायचे, एसी पूर्ण सोडायचे आणि मग वर येऊन म्हणायचे, "यल्ला मॅडम, चला." उन्हाळ्यात ठीक आहे हो. पण हा माणूस जानेवारीत, सगळे स्वेटर घालून फिरत असताना, तेच करायचा. दुसरा नियम त्याहून अजब. पुढच्या सीटवर कुणी बसायचं नाही. तिथे त्यांची लॅपटॉपची बॅग बसायची. वजनामुळे गाडी टुंग टुंग करते म्हणून बॅगेला सीटबेल्ट लावलेला, एसीची सगळी तोंडं तिच्याकडे वळवलेली, आणि मी मागे घाम पुसत. एकदा माझी मुलगी सोबत होती. ती म्हणाली, "आई, इज दॅट बॅग अ व्हीआयपी?" परकार मनापासून हसले, पण एसीचं तोंड काही मागे वळलं नाही.

तर अशा या माणसाला त्याच्याच आकड्याने एकदा कोंडीत पकडलं.

आमचे ऑपरेशन्सचे साहेब म्हणजे मिस्टर एली, मूळचे लेबनॉनचे. माणूस वाईट नाही, पण डिझेलचं बिल पाहिलं की त्यांचं डोकं फिरतं. त्यांनी परकारांकडून बसड्रायव्हरांसाठी एक डॅशबोर्ड करून घेतला. प्रत्येक बसमध्ये यंत्र बसलं. बस उभी आणि इंजिन चालू, म्हणजे डिझेल वाया. जो ड्रायव्हर असं कमी करेल तो हिरवा, जास्त करेल तो लाल. डॅशबोर्ड इतका देखणा झाला की एलीसाहेबांनी तो केबिनमधल्या मोठ्या टीव्हीवर लावला. त्यांनी नियमही काढला, लागोपाठ तीन महिने लाल राहील त्याचा करार पुढे वाढवायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात लाल राहिला तो सदाशिव गुरव. गुहागरकडचा, पन्नाशीला टेकलेला, कधी कुणाला वर आवाज न केलेला ड्रायव्हर. त्याचा करार संपल्याचं पत्र मला लिहायचं होतं. मी त्याला बोलावून विचारलं, "सदाशिव, बस उभी असताना इंजिन का चालू ठेवता?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सवय लागलीय, मॅडम."

"अहो, सवयीपायी नोकरी जाईल. या वयात इथे दुसरीकडे कोण घेणार तुम्हाला?"

"व्हय," एवढंच म्हणाला आणि टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. मला त्याचा राग आला. माणसाने स्वतःची बाजू तरी मांडावी की नाही? पत्र लिहून तयार केलं, पण पाठवायला हात होईना. मी परकारांकडे गेले आणि म्हटलं, "तुमच्या देखण्या डॅशबोर्डने एक माणूस घरी चाललाय."

परकारांचा चेहरा पडला.  पुढचे काही दिवस ते त्या एका लाल रेघेसमोर बसून होते. जेवायलाही आले नाहीत. "रुसलाय, पण बोलत नाही," म्हणायचे. पोरांनी सांगून पाहिलं, "सर, ही इज जस्ट अ बॅड ड्रायव्हर." त्यावर परकारांनी त्यांना चक्क खोलीबाहेर काढलं.

मग एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. चेहरा उजळलेला. "मॅडम, चला साइटवर. आणि तुमचा आजारपणाच्या रजांचा सगळा डेटा मला द्या. कोण कुठल्या बसने जातो, त्याच्यासकट."

आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. त्या सुट्टीला माणसं बसने कॅम्पवर, म्हणजे राहायच्या जागी परततात. फाटकाबाहेर सदाशिवची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. परकार आत चढले आणि त्यांनी पहिल्या सीटवर उलटा हात टेकवला, आपण तापलेल्या पोराचं कपाळ बघतो तसा. सीट गार होती. तेवढ्यात फाटक उघडलं आणि माणसं आली. शर्ट अंगाला चिकटलेले, तोंडं लालबुंद. एकेक जण बसमध्ये चढायचा, डोळे मिटायचा आणि सीटवर पाठ टेकायचा.

"सदाशिव, मॅडमना का नाय सांगितलंत?" परकारांनी विचारलं.

"सुपरवायझरनी आधीच दम दिला होता, सायब. एसी माणसं चढल्यावर लावायचा. मी हो म्हटलं नि ऐकलं नाय. आता कुठल्या तोंडाने सांगू?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "पोरं भट्टीतून येतात. त्यांना परत भट्टीत कसं घालू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

महिन्याच्या आढाव्याची मीटिंग परकारांनी या वेळी ऑफिसात ठेवली नाही. "सर, फिल्ड व्हिजिट," म्हणून एलीसाहेबांना दुपारी बस डेपोत आणलं आणि डॅशबोर्डवरच्या सगळ्यांत हिरव्या बसमध्ये बसवलं. सकाळपासून उन्हात उभी, इंजिन बंद. परकारांनी लॅपटॉप उघडला आणि अत्यंत सावकाश, अगदी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. एलीसाहेबांनी आधी टाय सैल केला, मग कोट काढला, मग फाइलने वारा घेऊ लागले.

"हबीबी, व्हाय इज द एसी ऑफ?"

"सर, ऑन केला तर ही बस रेडमध्ये जाईल," परकार इंग्रजीत, पण अगदी दापोलीच्या सुरात म्हणाले. "नेक्स्ट स्लाइड?"

पुढची स्लाइड सदाशिवच्या बसमध्ये होती. ती शेजारीच, गार होऊन उभी होती. एलीसाहेब आत चढले आणि त्या माणसांसारखेच डोळे मिटून सीटला टेकले. तेव्हा परकारांनी माझ्याकडचा रजांचा आणि त्यांच्याकडचा बसचा डेटा शेजारी शेजारी ठेवून दाखवला. उन्हाने आजारी पडून रजा घेणारे सगळ्यांत कमी होते ते सदाशिवच्या बसमधले. हिरव्या बसमधले सगळ्यांत जास्त.

"हे डिझेल वाया गेलेलं नाय, सर. कामाला आलंय. चूक ड्रायव्हरची नाय. माझ्या डॅशबोर्डची आहे."

"खलास, परकार, खलास," एलीसाहेब डोळे न उघडता म्हणाले. "चेंज द रूल."

नियम बदलला. आता उन्हाळ्यात माणसं चढायच्या आधी बस गार करणं हे ड्रायव्हरचं कामच आहे. ते पत्र मी माझ्या कंप्युटरवरून पुसून टाकलं आणि सदाशिवला नवा करार दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

त्या संध्याकाळी मी इतकी खुशीत होते की परकारांची हाक यायची वाट न बघता त्यांच्याबरोबरच खाली गेले. त्यांनी गाडी सुरू केली, एसी सोडला, बॅग उचलून पुढच्या सीटवर उलटा हात टेकवला. तोच हात, बसमधल्यासारखा. मग माझ्याकडे थोडं संकोचून बघत त्यांनी गाडीच्या फोनवरून नंबर लावला.

"गाडी थंड झाली," ते म्हणाले.

"मग निघा. सावकाश जा," गाडीच्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. "त्या ड्रायव्हरचं काय झालं?"

"झालं काम. तुझंच बरोबर निघालं."

"मग! अवो, इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी काय करत होता? रोज स्वतः गाडी थंड करायची नि दुसऱ्याने केली की त्याला लाल रंग फासायचा!"

परकार माझ्याकडे वळले. "माझी बायको, झुबेदा. दापोलीहून बोलते. मॅडम, तो आकडा मला नाय कळला. हिला कळला. मी फोनवर रडगाणं गायलो, तर म्हणाली, तो माणूस गाडी थंड करत असेल, जाऊन सीटला हात लावा."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. झुबेदाभाभी इथे शारजात शाळेत शिकवायच्या. एकदा परकारांना ऑफिसात उशीर झाला, त्या शाळेबाहेर उन्हात थांबून राहिल्या आणि तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर चक्कर येऊन पडल्या. त्या दिवसापासून गाडी गार झाल्याशिवाय परकारांनी त्यांना कधी गाडीत बसू दिलं नाही. पुढे गावी परकारांच्या अम्मींची स्मरणशक्ती गेली. त्या आता कुणाला ओळखत नाहीत, मुलालाही नाही. फक्त सुनेच्या हातून जेवतात. म्हणून भाभी तिकडे आणि हे इकडे. रुसलेल्या जावयाची गोष्टही भाभींचीच. सांदणांची कृतीही त्याच फोनवरून सांगतात. आखाताच्या एका टोकाला हा विद्वान माणूस रोज संध्याकाळी गाडी गार करून कळवतो आणि दापोलीहून निघायची परवानगी मिळाल्यावरच निघतो. या गोष्टीची आम्ही इतकी वर्षं थट्टा केली होती. 

"अवो, मॅडम तिथेच आहेत ना? त्यांना मागे कशाला बसवता?" भाभी म्हणाल्या. "मागे गारवा पोचत नाय. पुढे बसवा."

परकारांनी लगेच बॅग काखेत घेतली आणि माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. सीटवरून गार हवेचा झोत माझ्या अंगावर आला.

"नको भाभी," मी म्हटलं. "मी मागेच बरी. ती सीट तुमची आहे. तुम्ही याल तेव्हा गार हवी."

 पलीकडून, लांबून कुणीतरी म्हातारं माणूस जेवण मागत असल्यासारखं ऐकू आलं. परकारांनी बॅग पुन्हा सीटवर ठेवली, तिला बेल्ट लावला आणि एसीचं तोंड तिच्याकडे नीट वळवलं.

"झुबेदा," ते म्हणाले, "सीट थंड आहे."

"हां," ती म्हणाली. "मग निघा."