सही नसलेला दिवस

मुलांनो, समजा तुम्ही तीस वर्षं रोज शाळेत गेलात. घाबरू नका, नुसतं समजा. शेवटच्या दिवशी बाई हजेरीपट उघडून म्हणाल्या, "एक दिवस कमी भरतोय, बक्षिसातला चौथा हिस्सा कापला." काय कराल? रडाल? भांडाल? आपल्या गोष्टीतले आजोबा आधी हसले. त्यांना वाटलं, बेरीज चुकली असणार.

पाणीपुरवठा कार्यालयात कुणाला किती पेन्शन मिळणार हे ठरवणं, हेच आजोबांचं काम. चारशे बारा माणसांची प्रकरणं त्यांच्या हातून गेली होती आणि एकही चुकलं नव्हतं, हे ते जेवतानासुद्धा सांगत. ऑफिसात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'गाळणी', कारण त्यांच्या नजरेतून कुणाचा अर्धा दिवसही जास्तीचा सुटत नसे.

नऊ वर्षांच्या नातीला त्यांनी सगळा नियम दोन वाक्यांत शिकवला होता. "हे बघ, वय सांगतं घरी कधी जायचं. नोकरीचे दिवस सांगतात घरी काय न्यायचं." साठ वर्षं पूर्ण झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निरोप, मग खुर्चीला मिठी मारून बसलात तरी कुणी ठेवून घेत नाही. नोकरीची तीस वर्षं पुरती भरली तर पेन्शन पूर्ण. एक दिवस जरी कमी पडला, तरी चौथा हिस्सा जन्माचा गेला.

आजोबांची साठ आणि तीस, दोन्ही वर्षं एकाच तारखेला भरत होती. याचा त्यांना फार अभिमान होता. आजी इतकी वर्षं शाळेच्या मुलांचे गणवेश शिवत आली होती. आता सुईत दोरा ओवायला तिला नात लागायची. पूर्ण पेन्शन सुरू झाली की शिलाई बंद, हे ठरलं होतं. गिऱ्हाइकांना सांगूनही झालं होतं.

निवृत्तीला तीन दिवस उरले तेव्हा आजोबांची फाइल त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीकडे गेली. त्यांच्यानंतर त्या टेबलावर तीच बसणार होती. तिने दोनदा बेरीज केली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा केली.

"सर, एक दिवस कमी आहे. संपाच्या दिवशी तुमची सही नाही."

"पण मी आलो होतो."

"हो सर. पण सही नाही."

इथे आजोबांचं हसू थांबलं.

झालं होतं असं. एकोणीस वर्षांपूर्वी सगळं ऑफिस संपावर गेलं आणि जाताना गेटला बाहेरून कुलूप ठोकून गेलं. आजोबा संपात नव्हते. ते दहाला आले, कुलूप पाहिलं आणि डबा मांडीवर घेऊन साडेपाचपर्यंत गेटबाहेर बसून राहिले. कामाची वेळ म्हणजे कामाची वेळ. स्वतःच्या हिशेबात त्यांनी तो दिवस कायम भरलेलाच धरला होता. आत रात्रपाळीचा वॉचमन अडकला होता. तोही कामावर राहिला, कारण बिचारा जाणार कुठे? हजेरीपट आतल्या कपाटात आणि कपाटाची चावी आजोबांच्या खिशात. गजांतून चावी आत दिली असती तर वॉचमनने हजेरीपट आणला असता आणि दोघांच्या सह्या झाल्या असत्या. दोन मिनिटांचं काम. पण कपाटाची चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असा नियम होता. तेव्हा दोघं गजांच्या दोन बाजूंना दिवसभर बसले, समोर असून गैरहजर.

मुलीने कपाटातून एक जुनी फाइल काढली. ती त्या वॉचमनचीच होती. चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला तेव्हा त्याचाही नेमका हाच दिवस कमी पडला होता. फाइलवर सुबक अक्षरात शेरा होता : 'सही नाही, म्हणजे दिवस नाही.'

"हा शेरा आहे तोवर मला तुमचा दिवस धरता येत नाही, सर. त्या दिवशी तुम्हाला पाहिलेला माणूस आणा. आणि हा शेरा चुकीचा होता असं, ज्याने लिहिला त्याचं पत्र आणा."

"कुणाचा शेरा आहे?" आजोबांनी सवयीने विचारलं.

तिने फाइल तेवढी त्यांच्याकडे वळवली.

घरी आजोबांनी सगळं सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि मशीनवरचं झाकण काढलं. 

दुसऱ्या दिवशी नातीला शाळेतून घेऊन आजोबा परस्पर वॉचमनला शोधायला निघाले. तो एका चपलांच्या दुकानाच्या दारात स्टुलावर सापडला. पेन्शन अपुरी पडायची, म्हणून या वयातही राखणदारी चालू होती. आजोबांनी आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग हवेची, मग पुन्हा गुडघ्यांची. शेवटी मुद्दा सांगितला.

"साक्ष देतो की, साहेब," वॉचमन म्हणाला. "तुम्ही बाहेर होतात, मी पाहिलंय. तुमचा अर्धा डबा मला गजांतून दिलात. चावी नाही दिलीत."

"नियम होता."

"मी कुठे काय म्हणतो? पण मला विचारतील, तू कुठून पाहिलंस? मी काय सांगू? मी तर त्या दिवशी नव्हतोच. तुमच्याच अक्षरात आहे."

आजोबांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "असं करू, आधी माझं उरकू. मी परवा निवृत्त होतोय. तुझं मागाहून बघू."

"आजोबा," नात म्हणाली, "आधी कोण निवृत्त झालं?"

वॉचमनने स्टुलावरून उठून उगाच दार पुसायला घेतलं.

 आजोबांनी खिशातून पेन काढलं आणि कागद मांडायला टेबल शोधू लागले. दुकानात होतं नव्हतं ते सगळं चपलांनी भरलेलं होतं. नातीने दप्तरातून वही काढून एक पान फाडून दिलं, पाठमोरी झाली आणि वाकली. आजोबांनी तिच्या पाठीवर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. वॉचमनचं नाव झालं, तारीख झाली, 'माझ्याकडून' झालं. 'चूक' लिहायला लागले तोच तिला गुदगुल्या झाल्या, ती हलली आणि पेन कागदातून आरपार गेलं.

तिने फाटका कागद हातात घेऊन पाहिला, वहीतलं दुसरं पान फाडून आजोबांना दिलं आणि पुन्हा वाकली.