विश्रामकाकांची टोपी

आमच्या शेजारचे विश्रामकाका मोबाइलसमोर टोपी काढतात. देवळात एखादवेळ विसरतील, मोबाइलसमोर नाही. पडद्यावर कुणी परदेशी जादूगार टेबलाशी बसून पत्ता गायब करतो. काका तो तुकडा मागेपुढे करून बघतात आणि चलाखी पकडता आलीच नाही, तर टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. पकडता आली, तर एकच शब्द, "दिसलं." की पुढचा जादूगार.

काकांची हयात मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या वजनकाट्याशी गेली. पारड्याला कुणाचा अंगठा लागलाय, हे त्यांना लांबून कळायचं. त्यामुळे कबुतरं उडवणारे, पेटीतली बाई कापणारे त्यांच्या लेखी जादूगारच नव्हेत. "पेटीत काय, हत्ती पण मावेल. हातभर अंतरावर बसून दाखव म्हणावं." खऱ्या उस्तादाची खूणही त्यांनीच मला सांगितली. "लबाडी करतानाच त्याची बोटं सगळ्यात निवांत असतात बघ. झोपल्यासारखी."

एवढं ऐकून गप्प बसावं की नाही? मी आरशासमोर सुपारी गायब करायला शिकलो. बिल्डिंगच्या सत्यनारायणाला सगळ्यांसमोर मुठीतली सुपारी नाहीशी केली, टाळ्या घेतल्या आणि ऐटीत वाकलो. बाहीतली सुपारी घरंगळत थेट भटजींपुढे गेली. भटजींना वाटलं, पूजेतला गणपती हलला. त्यांनी ती उचलून चौरंगावर ठेवली आणि वर अक्षता वाहिल्या.

"दिसलं," काका म्हणाले. "ह्या उकाड्यात लांब बाह्या घालून आलास, तेव्हाच दिसलं."

काकूंना मागे अर्धांगाचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी उजव्या हाताच्या बोटांना व्यायाम सांगितलाय. त्यासाठी दिलेला रबरी चेंडू काकूंनी कंटाळून फेकला आणि पानाच्या डब्यातली सुपारी उचलली.

परवा संध्याकाळी मी त्यांचा वाडगा परत द्यायला गेलो.

"बस," काका म्हणाले. "हिचा खेळ आहे."

काकूंनी सुपारी उजव्या हातात घेतली. मूठ वळता वळेना. डावा हात वरून फिरवून त्यांनी ती उघडली. बोटं थरथरत होती आणि त्यांच्या बेचक्यात सुपारी चक्क अडकलेली होती.

"गेली," काकू म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदाच मला कुणाची तरी चलाखी पकडता आली होती. "दिसलं," मी म्हणून बसलो.

काकूंचा हात मांडीवर पडला. "नकोच ते. उद्यापासून नाय करत मी."

"चष्मा पूस मेल्या," काका मला म्हणाले. "मी समोर बसून बघतोय ना." आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

काकूंनी टोपीकडे बघितलं, मग काकांकडे.

"परत करू?"

"कर गो. कशी गेली, तेच कळलं नाय."

काकू परत मूठ वळायला लागल्या. मी चष्मा काढला आणि खेळ संपेपर्यंत पुसत बसलो.