विकराळपुरीच्या कुमुदताई

कुमुदताई कारखानिसांनी मला पहिल्यांदा ठार मारलं तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या.

"तुझा विद्युतवीर जिना उतरला," त्या म्हणाल्या. "जिना नव्हता, जीभ होती. गेला." आणि एक पिवळं पान बाजूला टाकून त्यांनी हाक दिली, "पुढचा!"

ही हाक जुनी. ताईंची सारी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे गेली. माणूस आला, त्याने विचारलं, मिळालं किंवा नाही मिळालं, पुढचा! निवृत्तीनंतर खिडकी गेली, हाक राहिली.

बडोद्याच्या अलकापुरीतल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्याकडे भाड्याने राहणारा एक इंजिनियर पोरगा नोकरी लागून बंगळुरूला गेला आणि जाताना एका खेळाचं जाडजूड पुस्तक आणि फासे मागे ठेवून गेला. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातले सुपरहिरो व्हायचं. कुणी उडणारा, कुणी भिंती फोडणारा. 'आता मी हे करतो' असं आपण म्हणायचं, जमलं की नाही ते फासा सांगणार.

दुसऱ्या कुणी ते पुस्तक रद्दीत घातलं असतं. ताईंनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, रेल्वेचं नियमपुस्तक वाचावं तसं. सुपरहिरो त्यांना मुळीच आवडले नाहीत. "अंगाला घट्ट कपडे घालायचे आणि न बोलावता लोकांच्या गच्चीवर उतरायचं. कुणी वळण लावलंय की नाही?" त्यांना आवडलं ते शेवटचं प्रकरण. त्यात आपल्या विश्वाच्या पलीकडचं एक विश्व होतं. आभाळभर डोळे, जिवंत भिंती, आणि मधोमध झोपलेलं एक अवाढव्य काहीतरी, ज्याला माणसाच्या असण्यानसण्याचं काडीचंही पडलेलं नाही.

"वाचलं आणि एकदम ऑफिसात गेल्यासारखं वाटलं बघ," त्या मला म्हणाल्या.

अलकापुरीच्या चालीवर त्यांनी त्या विश्वाचं नाव ठेवलं विकराळपुरी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याचा नकाशा काढला आणि दर रविवारी दुपारी आम्हा तिघांना बोलावू लागल्या. मी, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस, आणि तिसऱ्या मजल्यावरचे हसमुखभाई, ज्यांचं फरसाणाचं दुकान आहे. सोसायटीच्या सभेला तीन माणसं जमत नाहीत. पण ताईंना नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती.

विकराळपुरीत शिरायला सोपं होतं. बाहेर पडायची वाट मात्र दोनेक वर्षं झाली तरी सापडेना. आम्ही मरायचो, नवा हिरो घेऊन परत आत जायचो, पुन्हा मरायचो. आणि मरण सांगायची ताईंची पद्धत इतकी घरगुती, की घास अडकावा. "भिंती ओलसर आहेत. पावसाळ्यात डब्यात विसरलेल्या पोळीसारख्या. हात लावू नका. लावलात? पुढचा!"

सबनिसांच्या हिरोचं नाव 'न्यायसिंह'. विकराळपुरीच्या आभाळाखाली उभं राहून त्यांनी तिथल्या राक्षसी शक्तींविरुद्ध निषेधाचा ठराव मांडला. मी अनुमोदन दिलं. ताईंनी स्टीलच्या वाटीत फासा खळखळवून टाकला आणि म्हणाल्या, "आभाळाने ठराव वाचला. मग सबनीस खाल्ले."

"पण ठराव मंजूर झाला ना?" सबनिसांनी विचारलं.

हसमुखभाईंचा मार्ग वेगळा. ते थेट त्या झोपलेल्या अवाढव्याच्या कानाशी गेले आणि अदबीने म्हणाले, "बॉस, कंईक सेटिंग करो ने. आपण घरचेच माणसं."

"विकराळपुरीत सेटिंग नाही," ताई म्हणाल्या.

"बडोद्यात पण आधी असंच बोलतात, ताई."

त्यांनाही खाल्लं. एकदा तर हसमुखभाई "मारो मेंदू पाछो आपो!" असं, आपला मेंदू परत मागत, इतक्या कळवळून ओरडले, की शेजारच्या बाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आल्या. ताईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "काही नाही हो, ते वारले."

फासा पुन्हा टाकू द्या म्हणून मी पुष्कळ गयावया केली. एकदाही नाही. ताईंच्या राज्यात पडलेला फासा म्हणजे छापलेलं तिकीट.

सुटका शेवटी झाली ती कुणाच्या पराक्रमाने नव्हे. त्या रविवारी विकराळपुरीच्या चौकात आम्ही तिघे अडकलो होतो. वर हजारो डोळे आमच्याकडे रोखलेले. लढून झालं होतं, पळून झालं होतं, ठरावही झाले होते. काहीच सुचेना म्हणून सबनीस म्हणाले, "बाकी, सेव-उसळ खावी तर स्टेशनजवळचीच."

हसमुखभाई उसळले. "स्टेशनजवळ? ती उसळ आहे का? नुसतं तिखट पाणी!"

मी माझ्या नाक्यावरच्या गाडीची बाजू घेतली. मग तर्रीवर वाद, शेव जाड की बारीक यावर वाद. एकमेकांची अक्कल निघाली. मरणाची आठवणच कुणाला राहिली नाही. भानावर आलो तेव्हा ताई हातातला फासा धरून आमच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"आभाळ ऐकतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याला खायला तुमची भीती लागते. ती तर कुठेच नाही." त्यांनी फासा टाकला. सहा पडला. त्या बराच वेळ त्या सहाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळे मिटले. कंटाळले. समोर दार आहे. उघडं."

आम्ही बाहेर! सबनिसांनी मला मिठी मारली. हसमुखभाईंनी गरब्याची एक गिरकी घेतली. गलका ओसरला तेव्हा ताईंनी नकाशा घडी घालायला घेतला होता. कडेला कड लावून, घाई न करता.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "सुटलात. तुम्हालाही रविवारची कामं असतातच." कप अजून अर्धे भरलेले होते, तरी त्या गोळा करू लागल्या. "दूधवाल्याला सांगायला हवं. रविवारचं जास्तीचं दूध आता नको म्हणून."

त्या हे आम्हाला सांगत नव्हत्या. स्वतःशीच बोलत होत्या. आम्ही दारापाशी गेलो. सबनीस उगाच किल्ल्या चाचपत राहिले. हसमुखभाईंनी एक पाय चपलेत घातला, आणि तिथेच थांबले.

"अरे बाप रे," ते म्हणाले. "मारी छत्री तो अंदर ज रही गई!"

"छत्री?" ताई वळल्या. "कुठली छत्री? विकराळपुरीत पाऊस पडत नाही."

"म्हणून तर विसरलो ने."

ताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. असल्या लबाडीला त्यांनी आजवर कधी थारा दिला नव्हता. मला वाटलं, आता हसमुखभाईंची धडगत नाही.

"परत आत जावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि मधोमध झोपलेलं ते आता जागं झालंय."

"जावं तर लागणारच. बायकोची छत्री आहे."

"एकट्याला कसं सोडायचं?" सबनीस म्हणाले आणि चपला काढून आत आले. मीही आलो.

ताईंनी आमच्याकडे पाठ केली आणि नकाशा पुन्हा उलगडून भिंतीशी धरला. त्याच्या घड्या हाताने सपाट करायला त्यांना जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. मग घसा खाकरून, अगदी खिडकीतल्या सुरात त्यांनी विचारलं,

"काळी की रंगीत?"

"ते आत जाऊनच बघू," हसमुखभाई म्हणाले आणि मांडी घालून बसले.