जावयाचा गेम आणि सासऱ्याचा स्क्रूड्रायव्हर

"पंखाच अडकलाय ना? मग झालं तर! आख्ख्या सिरसाळ्याचे कूलर मी फिरवतो, ह्यो टीचभर पंखा काय चीज हाय?"

असं म्हणून बसवराजांनी बाह्या सारल्या आणि घरातल्या साऱ्यांनी कपाळाला हात लावला. बसवराजांचं दुकान बी-बियाण्यांचं, पण जीव सगळा स्क्रूड्रायव्हरात. तो कायम शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी!

धोंड्याचा महिना होता. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणून लेक प्रणिता आणि जावई रवि धोंडे जेवायला पुण्याहून गाडी घेऊन आले होते. सोबत रविचा जीव की प्राण, टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेमचा डबा. संध्याकाळी मित्रांशी ऑनलाइन फायनल होती आणि सकाळीच डबा घरघरला, तापला, बंद पडला!

"पप्पा, हात लावू नका! मला जपत न्हाईत एवढं जपतात ते त्याला," प्रणिता म्हणाली.

"तू गप गं. जावईबापू, उघडू का?"

रवि बिचारा नवा जावई. सासऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "उघडा की मामा," तो म्हणाला आणि बघवेना म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडला.

बसवराजांनी डबा उघडला. आत हा एवढा धुळीचा गोळा! तो झाडला, पंख्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पाजला, टिचकी मारली. पंखा भिरभिरला! इथंच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण हातासरशी त्यांनी आतला गोल चपटा सेलही काढला, लुंगीला पुसला आणि शेजारच्या ताटलीत ठेवला. त्याच ताटलीत सराफाकडून आणलेलं चांदीचं नाणं होतं. जावयाच्या धोंड्यात गुपचूप नाणं घालायचं, ही या घरची रीत.

"अहो, नाणं कुठं ठेवलंय?" स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोनं, गंगासागरबाईंनी, विचारलं.

"ताटलीत हाय, घे!" बसवराजांनी मान वर न करता सांगितलं.

गंगासागरबाई आल्या. हात पुरणाने भरलेले, चष्मा कपाळावर. चकचकीत गोल वस्तू उचलली आणि गेल्या. उरलेली चकचकीत गोल वस्तू बसवराजांनी डब्यात बसवली. अगदी चपखल! झाकण लावलं, बटण दाबलं. डबा ढिम्म!

बसवराजांनी बटण पुन्हा पुन्हा दाबलं. जावयाची मशीन मीच नीट करणार, असं ते गल्लीभर सांगून आले होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फाट्कन आवाज झाला!

"अगं बाई! धोंडा उडाला!"

सगळे धावले. गंगासागरबाई दाराआड सुखरूप होत्या. कढईतला धोंडा फुटून पुरण पार छताला चिकटलं होतं आणि ओट्यावर काळा पडलेला सेल होता.

"चांदी अशी कशापायी फुटली हो?" त्यांनी विचारलं.

रविने सेल पाहिला, सासऱ्याकडे पाहिलं आणि डबा उघडला. आत नाणं चमकत होतं.

"मिळालं हं मामा नाणं," तो म्हणाला.

प्रणिता हसून हसून खाली बसली. बसवराजांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढाच सेल पायजे ना? थांबा!" म्हणत ते बाहेर पळाले आणि चहाला उकळी यायच्या आत तस्साच सेल घेऊन हजर! कुठून आणला, हे आनंदाच्या भरात कुणी विचारलं नाही. सेल बसला, बटण दाबलं, डबा सुरू! पंख्याचा आवाजसुद्धा नाही! नवे धोंडे झाले, रवि फायनल जिंकला आणि बसवराजांनी ती बातमी पार एसटी स्टँडपर्यंत पोचवली.

दुसऱ्या दिवशी लेकीची ओटी भरली, सामान अंगणात आलं, निरोप द्यायला गल्ली लोटली. रविने बाहेरच्या खुंटीवर कालपासून अडकवलेली गाडीची चावी घेतली आणि तिचं बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. तरी गप्प! प्रणिताने चावी घेतली, तिचं मागचं झाकण काढलं. आत सेलची जागा रिकामी.

साऱ्यांच्या माना बसवराजांकडे वळल्या.

"एवढाच तर पायजे व्हता..." ते पुटपुटले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "काळजीच करू नका जावईबापू! गाडी म्हंजे तरी काय, मोठा कूलरच की!" आणि त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"नाही!" रवि गाडीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून ओरडला. "नाही मामा, नाही!"

लग्न झाल्यापासून जावयाला पहिल्यांदाच नाही म्हणता आलं. त्याचंही श्रेय बसवराज आता स्वतःच घेतात!