बरा माणूस दाखवा

डॉक्टर परकार घरी आले, की जो आजारी नाही त्याला आधी तपासतात. मी पोट धरून पलंगावर पडलो होतो आणि ते माझ्याकडे पाठ करून बायकोला विचारत होते, "वहिनी, तुम्ही बऱ्या कशा?"

"म्हणजे? मीही आडवं व्हायला हवं होतं का?"

"तसं नाही हो. आजारी माणूस नुसता कण्हतो. माहिती बऱ्याकडे असते."

परकार मूळचे दापोलीकडचे. सौदीतल्या राबिघच्या इस्पितळात ते सकाळी एकेकाला तपासायचे आणि दुपारी अख्ख्या गावाला: साथ कुठल्या टाकीतून निघाली, कुठल्या लग्नातून पसरली. "आजारी सापडला, आता बरा दाखवा," हे त्यांचं पालुपद. दोघांच्या ताटांत फरक काय, एवढंच त्यांना हवं असे.

आमच्या वेळी निमित्त होतं रिफायनरीतल्या मोठ्या साहेबांकडची मेजवानी. जेवणाआधी साहेब निरोगी जीवनशैलीवर बोलले, आणि बराच वेळ बोलले. निम्मी वसाहत आडवी झाली. परकार घरोघर फिरले आणि शेवटी साहेबांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले.

"सर, आपण बरे कसे?"

"मी मेयोनेजचं सॅलड खात नाही," साहेब म्हणाले.

"वहिनींनीही खाल्लं नव्हतं. पण सॅलडला तरी काय बोलणार, सर? आलं तेव्हा थंड होतं. भाषण लांबलं."

त्यानंतर साहेबांकडे परकारांना कधी बोलावणं गेलं नाही. डॉक्टरांच्या ते लक्षातही आलं नसावं.

मग सौदीकरणाचं वारं इस्पितळात शिरलं. परकारांची जागा एका तरुण सौदी डॉक्टरला मिळाली. इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपेपर्यंत त्याला शिकवायचं आणि निघायचं. "खलास," परकार म्हणाले, जणू चहा संपला होता. मुलींच्या परीक्षा झाल्यावर बायकोमुलींना त्यांनी पुढे पाठवून दिलं. त्या तरुणाचं मात्र भारी कौतुक. "पोरगा तयार झाला बरं का! काल वॉर्डात गेला तो सरळ पेशंटच्या भावाकडे. म्हणाला, तू बरा कसा?"

एका शुक्रवारी कळलं की परकारच आजारी आहेत. बायकोने मऊ भात टाकला, मेतकूट घेतलं आणि आम्ही गेलो. ताप होता, पोट बिघडलेलं होतं. ते कोचावर पडले होते; शेजारच्या टेबलावर एक ताट, भोवती रिकाम्या खुर्च्या. जुना हिशेब चुकता करायची संधी मी कशाला सोडतो?

"काय डॉक्टर, आजारी तर सापडला. आता बरा दाखवा!"

त्यांनी खरंच खुर्च्यांकडे पाहिलं. एकेक करून.

"पंचाईत तीच आहे, इंजिनियरसाहेब. काय बाधलं ते मलाच कळत नाही. ताडून बघायला दुसरं ताटच नाही."

बायकोने स्वयंपाकघरातून आणखी दोन ताटं आणली, तिघांना भात वाढला आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"आम्ही दोघं ठणठणीत आहोत, डॉक्टर. विचारा काय विचारायचं ते."

परकार उशीला टेकून सावरून बसले.

"दुपारी काय जेवलात, वहिनी?"

ती सांगू लागली, अगदी फोडणीपासून. त्यांच्या आजाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण एरवी दुसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर या" म्हणणाऱ्या परकारांनी तिला एकदाही अडवलं नाही. ती थांबली तेव्हा म्हणाले, "आणि काल?"