भिंगाखालची माशी

शनिवारी दुपारी सगळं घर जेवून आडवं झालं, तेव्हा धाकटा जावई आपल्या साडूंच्या खोलीत शिरला आणि त्यांच्या डबीतली माशी चोरून बाहेर आला. माशी खरी नव्हती. खरीसाठी एवढी वाट पाहावी लागली नसती.

ही ट्राउट मासा पकडायची खोटी माशी होती. बारीकसा गळ, त्यावर दोरा गुंडाळून केलेलं अंग, वर पांढऱ्या केसांची ताठ शेंडी आणि शेंडीच्या बुंध्याशी आडवं फिरवलेलं पीस. ते पीस छत्रीसारखं पसरतं, माशी पाण्यावर अलगद उतरते आणि तरंगत राहते, म्हणून तिला पॅराशूट म्हणतात. माशाला वाटतं, किडा पडला. मासा फार चौकशी करत नाही. सासरे करतात.

सासरे कस्टममधून निवृत्त झाले होते, पण फक्त कागदोपत्री. घरात कोणी पिशवी घेऊन आलं की ते दारातच विचारत, "काय आहे?"

"कपडे."

"फक्त?"

पुढे ते काही बोलत नसत. पण समोरच्याला वाटू लागे की आपणच पिशवीत काहीतरी लपवलंय आणि आता विसरलोय. थोरला जावई दातांचा डॉक्टर, म्हणून त्याला ते 'आपले डॉक्टर' म्हणत. धाकटा फ्रिज दुरुस्त करी. त्याला ते अजूनही 'हे गृहस्थ' म्हणत. 'या गृहस्थांना चहा दे.' लग्न होऊन एवढे दिवस झाले, तरी धाकटा जावई चौकशीसाठी ताब्यातच होता.

नदीवर जाताना सासऱ्यांना परवान्यावर एक पाहुणा नेता येई. त्यांचा नेहमीचा जोडीदार यंदा गुडघे धरून बसला, म्हणून एका जावयाला न्यायचं ठरलं. अट एकच. माशी स्वतःच्या हाताने बांधलेली हवी. तपासणी संध्याकाळच्या चहाला, प्रस्थान दुसऱ्या दिवशी पहाटे. धाकट्याला माशांचं फार काही नव्हतं. त्याला सासऱ्यांशेजारी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं होतं आणि एक अख्खा दिवस संशयाशिवाय काढायचा होता.

त्याने माशा बांधून पाहिल्या होत्या. सगळ्या गाडीखाली आल्यासारख्या दिसत. शेवटी त्याने दुकानातून एक सुरेख माशी आणली, आणि आणल्या क्षणापासून त्याला साडूंचा संशय येऊ लागला. सकाळीच डॉक्टरांनी त्याला आपली माशी दाखवली होती. ती भलतीच सुबक होती. आपण दुकानातून आणली, तर डॉक्टरांनी का आणली नसेल? या युक्तिवादात त्याला खोट सापडेना.

दुकानातल्या माशीच्या दोऱ्याचं टोक गोंदाने चिकटवलेलं असतं, हे त्याला दुकानदारानेच सांगितलं होतं. सासऱ्यांच्या भिंगातून ते टोक तेवढं पाहायचं, आणि माशी परत. आपल्या खोलीत येऊन त्याने नखाने टोक उचललं. ते चिकटवलेलं नव्हतं. म्हणून तर ते सुटलं, आणि सुटतच गेलं. पीस उसळून गादीवर पडलं, शेंडीचे केस पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर झाले, आणि हातात उरला गळ आणि लांबलचक दोरा. दोऱ्याला पेपरमिंटचा वास येत होता. दातांच्या फटी साफ करायचा दोरा होता तो.

तेवढ्यात बायको आत आली. "काय करतोयस?"

"काही नाही."

"काही नाही करायला बाबांचं भिंग लागतं?"

"तुझे भावजी निर्दोष आहेत," तो म्हणाला.

"कशात?"

"माशीत. त्यांनीच बांधली होती."

तिने गादीवरचं पीस पाहिलं. "होती?"

"हो."

"बाबांना सांगून टाक सरळ."

"तुझ्या बाबांना? चहात साखर जास्त पडली तरी ते विचारतात, कोणाच्या सांगण्यावरून."

"मग बांध परत."

"शेंडीला पांढरे केस हवेत." त्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं.

"इकडे बघू नकोस. मला एकही पांढरा नाही."

पांढरे आणि ताठ केस घरात एकाच ठिकाणी होते. सासऱ्यांच्या दाढीच्या ब्रशाला. मधले चार कापले तर कळणार नाही, असा त्याचा अंदाज होता. कापल्यावर ब्रशाला टक्कल पडलं. त्याने बाजूचे केस वळवून त्यावर आणले आणि बांधायला बसला. गळ अंगठ्यात घुसला, तो काढला, पट्टी लावली, पुन्हा बसला. तयार झाली तेव्हा शेंडी एका अंगावर कलंडली होती, पीस अर्धं वर आणि अर्धं खाली होतं, आणि एकूण पाहता पॅराशूट उघडलं नव्हतं. त्याने ती डबीत ठेवून दिली. मन खात होतं. पण आता डॉक्टर बाद होणार आणि आपणच नदीवर जाणार, हेही त्याच मनाला कळत होतं.

चहाला सासऱ्यांनी आधी धाकट्याची माशी भिंगाखाली घेतली.

"कोणी बांधली?"

"मी."

"कोणासमोर?"

"एकट्यानेच."

"हं," सासरे म्हणाले आणि माशी बाजूला ठेवली.

डॉक्टरांनी डबी उघडली, आत पाहिलं, बंद केली आणि पुन्हा उघडली. मग त्यांची नजर फिरत फिरत धाकट्याच्या अंगठ्यावर आली आणि तिथल्या पट्टीवर थांबली.

"ही तुमची?" सासऱ्यांनी विचारलं.

"डबी माझी आहे," डॉक्टर सावकाश म्हणाले.

सासऱ्यांनी माशी उलटी केली, सुलटी केली, नाकाशी नेली. "साबणाचा वास येतोय."

धाकट्याने पट्टीचा अंगठा टेबलाखाली घेतला.

"म्हणजे बांधायला बसण्याआधी हात धुतले होते. दुकानवाले धुवत नाहीत." सासऱ्यांनी दोन्ही माशा शेजारी ठेवल्या. "या गृहस्थांची बघा. कशी सरळ आहे. माणसाचा हात इतका सरळ चालत नाही. आणि ही. शेंडी पडलीय. पीस कुठे निघालंय ते त्यालाच ठाऊक नाही. असा माल कोणी विकायला ठेवेल?"

"नाही," धाकटा अगदी मनापासून म्हणाला.

"डॉक्टर, खरं सांगू? मला तुमचाच संशय होता. तुम्ही फार नीटनेटके. आज तो गेला." सासऱ्यांनी भिंग मिटलं. "पहाटे तयार राहा. आणि गृहस्थ, शिका जरा यांच्याकडून."

धाकट्याने तोंड उघडलं. ती कलंडलेली माशी त्याची होती, आणि सासऱ्यांनी त्याच्या एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवायची ही पहिलीच वेळ होती. पण ती आपली म्हणायची तर त्याआधी चोरी येत होती, ब्रश येत होता, दुकान येत होतं. बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याने तोंड मिटलं.

नंतर डॉक्टर गॅलरीत त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"माझी छान होती रे," डॉक्टर म्हणाले.

"फारच छान होती. चुकलं माझं."

"आता दर रविवारी या म्हणतायत."

"जा की मग. तुमचा हक्कच आहे."

"जातो रे, पण दर वेळी नवी माशी दाखवायची आहे." डॉक्टरांनी मागे वळून दार लोटलं आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तूच बांधून देत जा. मला इतकं वाईट नाही जमत."